बाळाच्या ओठांवरचे गोड लोणी

१/ इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, आयरिश समुद्राच्या काठी, कंबरलँड नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या शेतकरी घरांत बाळंतपणाचे दिवस जवळ आले की एक खास पदार्थ करून ठेवला जाई: लोणी, तपकिरी साखर, जायफळ आणि रम यांचे घट्ट मिश्रण. बोलीत त्याला 'गोड लोणी' म्हणत. पुढे 'रम बटर' हे नाव रूढ झाले. हा पदार्थ एका वाडग्यात मावतो, पण त्याचा इतिहास चार खंडांत पसरलेला आहे. हा धागा त्या वाडग्याविषयी.

२/ प्रथा अशी होती. बाळाला पाहायला शेजारपाजारच्या बायका येत. ओटच्या पातळ, कडक भाकरीवर किंवा पावावर हे लोणी लावून त्यांच्यापुढे ठेवले जाई. बाळंतिणीच्या अंगात शक्ती यावी म्हणून तिलाही ते देत, आणि बाळाच्या ओठांना पहिली चव याच लोण्याची लावत, असेही सांगितले जाते. बाप्तिस्म्याच्या दिवशी वाडगा रिकामा झाला की पाहुणे त्यात नाणी टाकत. तळाच्या लोण्याला नाणे चिकटले, तर मुलाला जन्मभर पैशाची ददात पडणार नाही, अशी समजूत होती.

३/ मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. जातकर्म संस्कारात नवजात बाळाला सोन्याच्या स्पर्शाने मध आणि तूप चाटवण्याची चाल आहे. ऐतरेय ब्राह्मणात तर देव, मनुष्य, पितर आणि गर्भ यांना दूधदुभत्याचा वेगवेगळा प्रकार वाटून दिला आहे. त्यात 'नवनीत', म्हणजे ताजे लोणी, गर्भाच्या वाट्याला येते. याच नवनीतापासून मराठीतला 'लोणी' हा शब्द आला. कंबरलँडच्या लोण्यातले जायफळ आपल्या बाळगुटीतही उगाळले जाते. या दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नाही. गाईम्हशींच्या जिवावर जगणाऱ्या दोन समाजांनी नव्या जिवाचे स्वागत आपल्याकडच्या सर्वांत मऊ, सर्वांत मौल्यवान गोष्टीने केले, इतकेच.

४/ लोणी करण्याची रीत मात्र वेगळी होती. आपल्याकडे दूध तापवून, विरजून, दही रवीने घुसळून लोणी काढतात. उत्तर इंग्लंडमध्ये न तापवलेले दूध उथळ भांड्यांत थंड जागी ठेवत, वर आलेली साय काढून घेत आणि ती साय लाकडी पिंपात घुसळत. तत्त्व दोन्हीकडे एकच. दुधातल्या स्निग्धाच्या प्रत्येक सूक्ष्म थेंबाभोवती पातळ आवरण असते. घुसळण्याने ते फाटते, थेंब एकमेकांना चिकटतात आणि ताक वेगळे होते. हवा फार गरम असेल तर लोणी पातळ होऊन विखुरते आणि फार गार असेल तर जमता जमत नाही. कंबरलँडची थंड, ओलसर हवा या कामाला अनुकूल होती.

५/ हे काम बायकांचे होते. दूध काढणे, साय काढणे, घुसळणे, थंड पाण्यात धुऊन ताकाचा अंश काढून टाकणे, मीठ मळणे, सगळे त्याच करीत. मीठ घातलेले लोणी लाकडी पिंपांत भरून बाजाराला जाई. अनेक घरांत लोणी-अंड्यांतून येणारी रोकड हीच गृहिणीच्या हाती लागणारी मिळकत असे. म्हणून विकता आले असते असे लोणी पाहुण्यांसाठी बाजूला काढणे, हे खरेखुरे औदार्य होते. बाळ येणार म्हणून घराने आपल्या मिळकतीचा एक वाटा वाडग्यात घातलेला असे.

६/ कृती साधी आहे आणि आजही घरोघरी जवळपास तशीच केली जाते. सुमारे सव्वादोनशे ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवायचे. ते कढवायचे नाही. त्यात दुप्पट, म्हणजे साडेचारशे ग्रॅम मऊ तपकिरी साखर ढवळायची. अर्धे जायफळ किसून घालायचे, कोणी थोडी दालचिनीही घालतात. मग एक लहान पेला रम ओतून मिश्रण दाट होऊ लागेपर्यंत घोटायचे आणि वाडग्यात थापायचे. थंड झाले की ते इतके घट्ट होते की सुरीनेच काढावे लागते.

७/ ही सामग्री एकमेकींना धरून आहे. तपकिरी साखरेचा रंग आणि वास तिच्यात राहिलेल्या मळीचा असतो. रमही मळीपासूनच होते. म्हणजे साखर आणि रम ही एकाच उसाची दोन रूपे आहेत, आणि लोण्यात ती पुन्हा एकत्र येतात. शिवाय साखर आणि मद्यार्क यांमुळे लोणी लवकर खवट होत नाही. बाळंतपणाची तारीख कोणाला नेमकी ठाऊक असते? आधी करून ठेवता येईल आणि पाहुणे येत राहतील तोवर टिकेल, असा पदार्थ हवा होता. हा तसा होता.

८/ पण एक प्रश्न उरतो. लोणी गोठ्यातले; बाकीचे कुठले? कंबरलँडमध्ये ऊस होत नाही, जायफळही होत नाही. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये साखर ही श्रीमंतांच्या कपाटात, औषधांच्या शेजारी ठेवण्याची वस्तू होती. १७०० च्या सुमारास तिथे दरडोई वर्षाला साधारण ४ पौंड, म्हणजे दोन किलोहूनही कमी, साखर खपत असे. १८०० पर्यंत हा आकडा १८ पौंडांवर, म्हणजे आठ किलोंवर गेला. डोंगरातल्या शेतकरणीच्या वाडग्यात साखर पोहोचली, ती या शंभर वर्षांत.

९/ गोड लोणी इतरत्रही होत होते, पण त्याचे रूप वेगळे होते. हॅना ग्लास यांच्या १७४७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात 'परीचे लोणी' आहे: उकडलेल्या अंड्याचा बलक, संत्र्याच्या फुलांचा अर्क, बारीक साखर आणि ताजे लोणी एकत्र खलून कापडातून किंवा गाळणीतून नाजूक शेवयांसारखे पाडायचे. ते मेजवानीच्या टेबलावर शोभेसाठी मांडायचे लोणी होते. कंबरलँडच्या लोण्यात पांढऱ्या साखरेऐवजी तपकिरी आणि फुलांच्या अर्काऐवजी रम आली. यामागचे कारण त्या प्रदेशाच्या बंदरात सापडते.

१०/ ते बंदर म्हणजे व्हाइटहेवन. सतराव्या शतकाच्या प्रारंभी ते मासेमारांचे खेडे होते. लाउदर या जमीनदार घराण्याने तिथे कोळशाच्या खाणी काढल्या, धक्का बांधला आणि सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे आखीव शहर वसवले. कोळसा आयर्लंडला जाई. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया आणि मेरीलँड या वसाहतींतून तंबाखू येई. अठराव्या शतकाच्या मध्यास तंबाखूच्या व्यापारात व्हाइटहेवनची गणना ब्रिटनच्या आघाडीच्या बंदरांत होत होती.

११/ लाउदर घराण्याचा धागा कॅरिबियन समुद्रापर्यंत जातो. याच घराण्यातला रॉबर्ट लाउदर १७११ साली बार्बेडोस बेटाचा गव्हर्नर झाला. तिथे पहिल्या पत्नीकडून त्याच्याकडे उसाचा मळा आला होता, आणि मळ्याबरोबर तिथे राबणारी गुलाम माणसेही. त्याचा मुलगा जेम्स, जो पुढे लॉन्सडेलचा अर्ल झाला, एकाच वेळी बार्बेडोसच्या मळ्याचा आणि व्हाइटहेवनच्या खाणींचा वारस ठरला.

१२/ बंदरातून केवळ मालाची जहाजे जात नव्हती. १७१० ते १७६९ या काळात व्हाइटहेवनमधून साठहून अधिक जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेली, तिथे माणसे विकत घेतली आणि ती अटलांटिकपलीकडे नेऊन विकली. लिव्हरपूलमधून अशा सुमारे पाच हजार सफरी झाल्या. त्या तुलनेत हा आकडा लहान आहे. पण व्हाइटहेवनही लहान होते. परतीच्या जहाजांत साखर आणि रम असे, आणि ती गावाच्या बाजारात उतरे.

१३/ कंब्रियात रम बटरच्या जन्माची एक दंतकथा सांगतात. तस्करांनी एका म्हातारीच्या कोठीघरात रमचे पिंप लपवले. ते गळू लागले. खालच्या लोण्यात आणि साखरेत रम झिरपली आणि नवा पदार्थ तयार झाला. कथेला पार्श्वभूमी खरी आहे. समोरचे आइल ऑफ मॅन हे बेट ब्रिटिश जकातीच्या कक्षेबाहेर होते, म्हणून तिथे रम स्वस्तात उतरवून रात्रीच्या अंधारात कंबरलँडच्या किनाऱ्यावर आणत. हा प्रकार इतका वाढला की १७६५ साली ब्रिटिश सरकारने त्या बेटावरील हक्क ७०,००० पौंडांना विकत घेतले.

१४/ कथा गोड आहे. तिच्यात म्हातारी आहे, चतुर तस्कर आहेत, अपघात आहे. तिच्यात पिंप मात्र कोठीघरापासूनच सुरू होते. ते भरले कुठे, कोणी भरले, याचा तिला पत्ता नाही. त्यासाठी अटलांटिक ओलांडून बार्बेडोस, अँटिगा, जमैका या बेटांवर जावे लागते.

१५/ गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला तिथले काम समजायला अवघड जाणार नाही; फक्त ते कितीतरी पटींनी मोठे करून पाहावे लागेल. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर रस आंबतो. म्हणून हंगामात चरक आणि काहिली रात्रंदिवस चालत. चरकाच्या लाटांत हात सापडणे, उकळता रस अंगावर सांडणे हे नित्याचे होते. रस आटवून मातीच्या साच्यांत ओतत. त्यातून मळी ठिबकून जाई आणि मागे ओलसर, तपकिरी साखर उरे. मळी आंबवून, भट्टीत ऊर्ध्वपातन करून रम काढत. कंबरलँडच्या वाडग्यातली दोन्ही द्रव्ये याच अंगणातली होती.

१६/ या अंगणात मूल जन्माला येणे म्हणजे काय होते? व्हाइटहेवनला तंबाखू पुरवणाऱ्या व्हर्जिनियाने १६६२ साली कायदा केला: मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरेल. इंग्लंडच्या रूढीप्रमाणे तो बापावरून ठरे; इथे तो उलटवण्यात आला. याचा अर्थ गुलाम आईचे मूल, बाप कोणीही असो, मालकाचा बापही असो, जन्मतः गुलाम. कॅरिबियन बेटांवरही व्यवहार हाच होता. जन्माची नोंद मळ्याच्या जमाखर्चात गुरांच्या वाढीबरोबर होत असे.

१७/ उसाच्या शेतात सर्वांत जड काम करणाऱ्या टोळ्यांत स्त्रियांची संख्या निम्मी किंवा त्याहून अधिक असे. गर्भारपणातही खड्डे खणणे, खत वाहणे, ऊस तोडणे चुकत नसे. बालमृत्यू भयंकर होते. दीर्घकाळ अनेक मळेवाल्यांचा हिशोब असा होता की मूल वाढवण्यापेक्षा आफ्रिकेतून धडधाकट माणूस विकत आणणे स्वस्त पडते. व्यापार बंद होण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा कुठे गर्भवतींना सवलती देण्याचा विचार सुरू झाला.

१८/ परिणाम आकड्यांत दिसतो. गुलामांचा व्यापार चालू असेपर्यंत ब्रिटिश कॅरिबियन बेटांवर वीस लाखांहून अधिक आफ्रिकी माणसे उतरवली गेली. काहींना पुढे इतर वसाहतींत विकले गेले, हे जमेस धरले तरी १८३४ साली तिथे मुक्त झालेल्यांची संख्या सात लाखांहूनही कमी होती. जन्मांची संख्या मृत्यूंना गाठू शकत नव्हती. शेवटच्या काळातला बार्बेडोस हा मोजक्या अपवादांपैकी एक.

१९/ जायफळाची वाट वेगळी होती, पण ती सुखाची नव्हती. अनेक शतके जगातले सर्व जायफळ आजच्या इंडोनेशियातल्या बांदा या इवल्याशा द्वीपसमूहातून येई. १६२१ साली डच कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझून कून याने मक्तेदारीसाठी ती बेटे जिंकली. सुमारे १५,००० लोकवस्तीपैकी बहुतेक मारले गेले, उपासमारीने मेले, पळाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. नंतर तिथे गुलामांकरवी बागा चालवल्या गेल्या. पुढे ब्रिटिशांनी जायफळाची रोपे आपल्या वसाहतींत नेली. एकोणिसाव्या शतकात कॅरिबियनमधले ग्रेनाडा बेट जायफळासाठी प्रसिद्ध झाले.

२०/ हे सगळे दूर समुद्रापार घडत होते आणि कंबरलँडच्या बायकांना ते दिसत नव्हते, असे वाटू शकते. व्हाइटहेवनच्या सेंट निकोलस चर्चचे आवार त्याला छेद देते. तिथे मिल्ड्रेड गेल हिचे दफन झाले. ती व्हर्जिनियातली विधवा. व्हाइटहेवनच्या जॉर्ज गेल या तंबाखू व्यापाऱ्याशी पुनर्विवाह करून इथे आली. १७०१ साली बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत ती वारली. तान्ही मुलगीही वाचली नाही. तिच्या पहिल्या विवाहातून झालेल्या मुलाचा मुलगा म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन. त्याच आवारात जेन नावाची आफ्रिकी स्त्रीही पुरलेली आहे. मिल्ड्रेडने तिला व्हर्जिनियातून सोबत आणले होते. ती तिची गुलाम होती.

२१/ एका बाळंतिणीचे घर, आणि त्या घरात राबणारी एक स्त्री, जिचे स्वतःचे मूल कायद्याने तिचे नसते. जेनविषयी कागदावर फार थोडे उरले आहे. पण तिच्यामुळे हे स्पष्ट होते की उसाचे आणि तंबाखूचे जग कंबरलँडच्या उंबरठ्याच्या आत आलेले होते.

२२/ त्या जगाला पहिला मोठा घरगुती धक्का बसला तो १७९१ साली. त्या वर्षी एप्रिलमध्ये विल्यम विल्बरफोर्स यांचा गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेत १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. त्यानंतर लंडनचा पुस्तकविक्रेता विल्यम फॉक्स याने एक पत्रक काढले. संसद ऐकत नसेल तर जनतेने वेस्ट इंडीजची साखर आणि रम सोडावी, असे त्याचे म्हणणे होते. गोड लोण्यातल्या नेमक्या दोन वस्तू.

२३/ फॉक्सची ताकद हिशोबात होती. आठवड्याला ५ पौंड साखर आणि त्या प्रमाणात रम वापरणाऱ्या एका कुटुंबाने २१ महिने या वस्तू सोडल्या, तर एका माणसाची गुलामगिरी किंवा हत्या टळेल, असे त्याने मांडले. हा हिशोब काटेकोर होता की नाही, यावर वाद घालता येईल. पण त्याने एक गोष्ट साधली: दूरच्या बेटावरचा अत्याचार त्याने स्वयंपाकघरातल्या मापाने मोजून दाखवला. पत्रकाच्या हजारो प्रती हातोहात खपल्या.

२४/ स्वयंपाकघर बायकांच्या हाती होते. मताधिकार नसलेल्या, संसदेत पाऊल ठेवू न शकणाऱ्या स्त्रियांना इथे निर्णय घेता येत होता. चळवळीचे कार्यकर्ते थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडली. १७९२ साली व्यंग्यचित्रकार जेम्स गिलरे याने राजाराणीला बिनसाखरेचा चहा पिताना आणि राजकन्यांना तोंड वाकडे करताना दाखवले. थट्टा व्हावी इतकी ही गोष्ट घराघरात पोहोचली होती.

२५/ व्यापार कायद्याने बंद झाला तो १८०७ साली. गुलामगिरी मात्र चालूच राहिली. १८२४ साली लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनी 'हळूहळू नव्हे, तत्काळ मुक्ती' अशी मागणी करणारे पत्रक लिहिले आणि साखरेवरचा बहिष्कार पुन्हा पेटवला. त्या स्वतः दारोदार जाऊन गृहिणींना आणि वाण्यांना विनवीत. चळवळीतले मातब्बर पुरुष क्रमाक्रमाने मुक्तीची भाषा करीत असताना, स्त्रियांच्या मंडळांनी तत्काळ मुक्तीचा आग्रह धरला.

२६/ इथे या कथेत भारत येतो. बहिष्कार घालणाऱ्यांपैकी काहींनी पर्याय म्हणून ईस्ट इंडियाची, म्हणजे प्रामुख्याने बंगालची साखर घेतली. ती गुलामांनी केलेली नाही असे ठसठशीत अक्षरांत लिहिलेली साखरदाणी टेबलावर ठेवण्याची पद्धत पडली. अशा साखरदाण्या आज संग्रहालयांत आहेत. यात भाषेचाही एक फेरा पुरा झाला. 'शर्करा' हा संस्कृत शब्द फारसी-अरबीतून युरोपात जाऊन 'शुगर' झाला होता, आणि इकडे मराठीत 'साखर'. १४९३ साली कोलंबसाने ऊस अटलांटिकपार नेला. तीन शतकांनी शब्दाच्या मूळ देशातली साखर, सचोटीची खूण म्हणून, इंग्रजांच्या टेबलावर आली.

२७/ सचोटीची ही खूण फार काळ निष्कलंक राहिली नाही. १ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश वसाहतींत मुक्तीचा कायदा अमलात येऊ लागला, पण बहुतेक ठिकाणी 'उमेदवारी'च्या नावाखाली मोठ्यांना काही वर्षे पूर्वीच्याच मालकाकडे बांधून ठेवले गेले. मळेवाल्यांना नवे, स्वस्त मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून भारतीय मजूर मॉरिशसला उतरले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये पगार, आणि कामावर एक दिवस न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय त्या बेटावर गेले.

२८/ त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषकही होते; कोकणातून आणि घाटावरून निघालेले शेतकरी, शेतमजूर. त्यांच्या वंशजांची मराठी वस्ती मॉरिशसमध्ये आजही आहे आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. १८२५ पासून मॉरिशसची साखर वेस्ट इंडीजइतक्याच जकातीत ब्रिटनमध्ये येऊ लागली होती. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडच्या बाजारात जी तपकिरी साखर उतरत होती, तिच्यात मराठी हातांनी तोडलेल्या उसाचाही वाटा होता.

२९/ गोड लोणी टिकून राहिले. आज कंब्रियात ते बाळंतपणापेक्षा नाताळच्या पुडिंगसोबत अधिक दिसते, दुकानांत डबाबंद मिळते. झाकणाचे जुने वाडगे काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले आहेत. व्हाइटहेवनच्या जेफरसन घराण्याने अठराव्या शतकापासून रम आणि मद्याचा व्यापार केला. अँटिगा बेटावर त्यांचे मळे होते. त्यांच्या जुन्या पेढीच्या इमारतीत २००० साली रमच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले, आणि त्यात गुलामांच्या व्यापाराचीही मांडणी केली गेली. दंतकथेने कोठीघरापासून सुरू केलेली गोष्ट तिथे किनाऱ्यापलीकडून सांगितली जाते.

३०/ यामुळे त्या शेतकरणींची माया खोटी ठरत नाही. थंडीवाऱ्यात, बालमृत्यू तिथेही घरोघर असताना, शेजारीण बाळंत झाली म्हणून जाऊन बसणे, तिच्या पोटात काही गोड घालणे, पोराला नाणे देणे, हे माणुसकीचेच होते. इतिहासाला हे दोन्ही एकाच वाडग्यात पाहावे लागते: करणारीचा हेतू आणि सामग्रीचा उगम.

३१/ शेवटी पुन्हा नाण्यांकडे. मुक्तीच्या कायद्याने सहा वर्षांखालील मुले तत्काळ स्वतंत्र झाली. त्याच कायद्याने मालकांना नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर केले. त्यासाठी सरकारने काढलेल्या कर्जाची शेवटची बाकी २०१५ साली फिटली. भरपाईच्या तक्त्यांत माणसांचे वर्ग पाडले होते, आणि त्यांत एक रकाना सहा वर्षांखालील मुलांचा होता. दर मुलामागे ठरलेली रक्कम मालकाला मिळाली. मुलाला आणि त्याच्या आईला काहीही मिळाले नाही. त्याच वर्षांत कंबरलँडच्या एखाद्या स्वयंपाकघरात बाप्तिस्म्याचे पाहुणे निघताना वाडग्यात वाकून पाहत असतील, आपले नाणे तळाला चिकटले का ते.